दीड एकर विकून एलएलबी करू नकोस

पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देते.

"ताई, मी २१ वर्षांची, बार्शी तालुक्यातली. यंदा बीकॉम झाले. मला लॉ करायचंय, म्हणजे जजच व्हायचंय. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिलीये, मार्क ठीक आहेत, पण पुण्या-मुंबईचं मोठं कॉलेज मिळेल असं वाटत नाही. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठातून फोन आला, तिथे त्यांचीच परीक्षा असते, त्यात मी पास झाले. फी वर्षाला साडेतीन लाख आणि होस्टेल-मेस वेगळं दीड लाख. २५ हजार भरून सीट ब्लॉक करा असं रोज सांगतायत. आमची चार एकर शेती आहे, त्यातली दीड एकर विकायला बाबा तयार झालेत, एक पाहुणे विसार द्यायला पण तयार आहेत. मामा म्हणतो जमीन विकू नका, एज्युकेशन लोन काढा. धाकटा भाऊ दहावीला आहे. माझा हिशोब असा की एलएलबी झालं की लगेच जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा द्यायची, जज झाले की पगारातून लोन काय किंवा जमीन काय, सगळं भरून काढता येईल. ओबीसीचा दाखला आहे पण नॉन-क्रिमिलेअर काढायचं राहिलंय. घरचं उत्पन्न दाखल्यावर दोन लाखाच्या आसपास आहे. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी एक काम कर, हे वाचून होईपर्यंत बाबांना विसार घेऊ देऊ नकोस आणि ते २५ हजार पण भरू नकोस. बाकीचं निवांत बोलू.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंयस, ते म्हणजे "एलएलबी झालं की लगेच जेएमएफसी". तुझा अख्खा हिशोब त्या "लगेच" वर उभा आहे आणि ते "लगेच" आता राहिलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ ला निकाल दिलाय की सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या, म्हणजे तुझ्या त्या जेएमएफसीच्याच परीक्षेला बसायचं तर आधी किमान तीन वर्षं वकिलीची प्रॅक्टिस हवी. आधी आपल्याकडे चांगल्या मार्कांनी पास झालेल्या फ्रेशर मुलांनाही बसता यायचं, ती सोय गेली. बरं, ही तीन वर्षं कागदावर दाखवून भागत नाही, त्याचं सर्टिफिकेट लागतं. कोर्टात जजसाहेबांच्या हाताखाली लॉ क्लर्क म्हणून काम केलंस तर ते त्यात धरतात, पण अशा जागा असतात कितीशा.

म्हणजे तुझं गणित कसं होतं बघ. तीन वर्षं कॉलेज, मग तीन वर्षं प्रॅक्टिस, मग परीक्षा, आणि ती पहिल्या झटक्यात निघेलच असं नाही, प्रिलिम, मेन्स, मुलाखत यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तू आज २१ ची आहेस, सगळं सुरळीत झालं तर २८-२९ ला जजचा पहिला पगार हातात. आणि लोनचा हप्ता कधी सुरू होतो? कोर्स संपल्यानंतर एक वर्षाने, म्हणजे २५ व्या वर्षी. मधली ती तीन-चार वर्षं तू ज्युनियर वकील असणार, आणि ज्युनियर वकिलाला काय मिळतं हे कुठलंच कॉलेज माहितीपत्रकात छापत नाही.

मी सांगते काय मिळतं. मी जिल्हा कोर्टात बावीस वर्षं काढलीत. मी लागले तेव्हा सिनियर महिना पंधराशे रुपये द्यायचे आणि वर सांगायचे की अगं तुला शिकायला मिळतंय, खरं तर तूच मला द्यायला पाहिजेस. आता आमच्या बाररूममध्ये नवीन पोरापोरींना विचारलं तर कुणी तीन हजार सांगतं, कुणी आठ, आणि काहींचे सिनियर फक्त चहा पाजतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं होतं की शहरात ज्युनियरला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि मी ते परिपत्रक आमच्या एका सिनियरना दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून मोठ्यांदा वाचलं, हसले आणि परत दिलं. मुंबई हायकोर्टात किंवा मोठ्या लॉ फर्ममध्ये गोष्ट वेगळी आहे, तिथे पगार बरे असतात, पण तिथे राहायचा खर्चही तसाच आणि फर्मवाले घेतानाच कॉलेजचं नाव बघून घेतात. तू ज्या रस्त्याने निघालीयेस तो तालुका कोर्ट, जिल्हा कोर्ट, मग जेएमएफसी असा आहे. त्या रस्त्यावर आजपर्यंत मला एकाही पक्षकाराने विचारलं नाही की मॅडम तुमचं कॉलेज कुठलं. पेपर तपासणाऱ्यालाही त्याचं देणंघेणं नसतं.

आता बँकेचा हिशोब करू, कागद-पेन घे. खासगी विद्यापीठ धरलं तर वर्षाला पाच लाख, तीन वर्षांचे १५ लाख. दहा टक्के व्याज धरू, सोपं पडतं. दरवर्षी सुरुवातीला पाच लाख उचलले असं समज. शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो पण व्याज चालूच असतं, हे बऱ्याच लोकांना कळतच नाही, त्यांना वाटतं मोरेटोरियम म्हणजे बिनव्याजी. पहिल्या पाच लाखावर चार वर्षांचं दोन लाख, दुसऱ्या पाचवर दीड लाख, तिसऱ्यावर एक लाख. झाले साडेचार लाख. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर साडेएकोणीस लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिना जवळजवळ २५,८०० रुपये, पंधरा वर्षं घेतलीस तरी २१ हजार. आणि त्या वेळी तुझी कमाई किती असणार ते वर लिहिलंय. हप्ता कोण भरणार? बाबा. म्हणजे जमीन आज नाही गेली तरी चार वर्षांनी जाणार, फक्त तेव्हा वर व्याजही गेलेलं असणार.

त्यामुळे मामा अर्धा बरोबर आहे. जमीन विकू नका हे बरोबर, पण लोन काढा म्हणजे किती काढा हे त्याने सांगितलंच नाही. शिवाय साडेसात लाखाच्या वर गेलं की बँक साधारण तारण मागते, आणि शेतजमीन तारण म्हणून द्यायला गेलात तर मॅनेजर तोंड वाकडं करतो, कारण शेतजमिनीला सरफेसी कायदा लागत नाही, म्हणजे बँकेला ती सहजासहजी जप्त करून विकता येत नाही. त्यांना घर लागतं, एनए प्लॉट लागतो, एफडी लागते. तुमच्याकडे गावातलं घर असेल ते आजोबांच्या नावावर असेल, चार चुलत्यांची नावं असतील (असतातच). तो घोळ निस्तरण्यातच तुझं पहिलं सेमिस्टर जाईल.

आणि जमिनीचा विषय निघालाच आहे तर लॉचा पहिला धडा फुकटात घे. ती जमीन वडिलोपार्जित असेल तर ती एकट्या बाबांची नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीलाही मुलासारखाच जन्मापासून हिस्सा आहे, म्हणजे तुझा आहे आणि तुझ्या दहावीतल्या भावाचाही आहे, आणि तो अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला आहे. उद्या तो अठरा-एकोणीसचा झाला आणि म्हणाला की ताईच्या फीसाठी माझा हिस्सा का विकला, तर घरातच दावा उभा राहील. अशा केसेस मी चालवल्यात, दोन्ही बाजूंनी चालवल्यात. भाऊ-बहीण कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात आणि आमच्याकडे तारखांवर तारखा.

बरं आता करायचं काय. तू पत्रात ज्या गोष्टीवर एक ओळ लिहिलीस, नॉन-क्रिमिलेअर राहिलंय, तीच तुझी सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती आहे गं. महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ ला जीआर काढलाय, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मधल्या मुली, ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखाच्या आत आहे, त्यांनी व्यावसायिक कोर्सला कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून ॲडमिशन घेतलं तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी पन्नास टक्के होतं, २०२४-२५ पासून शंभर झालं. लॉ त्यात येतं. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित कॉलेजं सगळी येतात, पण नीट वाच, खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत, आणि मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेली सीट पण नाही. म्हणजे ज्या विद्यापीठातून तुला रोज फोन येतोय नेमकं तिथेच ही सवलत नाही. तिथे गेलीस तर साडेतीन लाख, आणि सोलापुरात नाहीतर लातूरला कॅपमधून साध्या कॉलेजला गेलीस तर ट्यूशन फी शून्य. मला सांग, यात विचार करण्यासारखं काय उरलं?

हां, एक अडचण खरी आहे, ती लपवत नाही. काही कॉलेजं म्हणतात आधी फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला असंच सांगितलं, तिच्या वडिलांनी सावकाराकडून आणून भरले. पात्र मुलींकडून ती रक्कम आगाऊ घ्यायची नाहीये. असं झालं तर भांडत बसू नकोस, जीआरची प्रिंट काढून ने, लेखी अर्ज दे आणि इनवर्डचा शिक्का घेऊन पोच ठेव. अर्जावर शिक्का पडला की क्लार्कच्या आवाजात फरक पडतो, करून बघ. तरी नाही ऐकलं तर उच्च शिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसला तीच कॉपी पाठवायची. विकास निधी, जिमखाना, लायब्ररी डिपॉझिट असली किरकोळ रक्कम मात्र भरावी लागेल, ती माफ नाही. आणि विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती त्यांच्या वेबसाइटवर असते, त्याच्यावर एक रुपया कुणी मागितला, डोनेशन म्हणा, बिल्डिंग फंड म्हणा, तर तो १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो.

कागदपत्रांचं आत्ताच बघ कारण ॲडमिशन तिथेच अडकतं. नॉन-क्रिमिलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आणि जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. व्हॅलिडिटीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत जावं लागतं, मुलं राऊंड सुरू झाल्यावर धावपळ करतात आणि मग ओपनमधून सीट घ्यावी लागते. घरात, भावकीत कुणाची आधीच झालेली असेल तर काम सोपं होतं, चुलत भावाला फोन कर. सेतूवाला म्हणेल पंधरा दिवस, तू महिना धरून चाल.

मोठं कॉलेज मिळणार नाही हे तू आधीच ठरवून टाकलंयस, ते पण मला पटलं नाही. फॉर्ममध्ये भरायला पैसे पडत नाहीत. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ सालचं आहे, बाबासाहेब आंबेडकर तिथे प्रिन्सिपल होते, आणि आजही तिथली वर्षाची फी चर्चगेटच्या आसपासच्या एका महिन्याच्या पीजीच्या भाड्यापेक्षा कमी आहे. पुण्याचं आयएलएस १९२४ चं. प्रेफरन्स भरताना वर ही दोन्ही टाक, मग कोल्हापूरचं शहाजी, सोलापूरचं दयानंद, लातूर, आणि मग बाकीची. लागलं तर लागलं. पण मुंबई लागली तर नाचू नकोस लगेच, तिथे फी नाही तर राहणं महाग आहे, होस्टेलची सोय झाल्याशिवाय तो आकडा पाच लाखाच्या खाली येणार नाही तीन वर्षांत.

राहण्याखाण्याचं सोलापूर-लातूरला धरून मी हिशोब केला. दोघी-तिघींत खोली, मेस, रिक्षा मिळून महिना पाच-साडेपाच हजार, दहा महिन्यांचे ५५ हजार. पुस्तकं, परीक्षेचे किरकोळ, काळा कोट, इंटर्नशिपसाठी जाणं-येणं, एक साधा लॅपटॉप तीन वर्षांत विभागून, घरी यायचं एसटीभाडं (बायकांना अर्धं तिकीट आहेच), सगळं धरून वर्षाला लाखाच्या आत बसतं. घट्टच बसतं, पण बसतं. तीन वर्षांचे तीन लाख.

आता या तीन लाखांसाठी लोन काढायचं असेल तर खुशाल काढ. चार लाखापर्यंतच्या एज्युकेशन लोनला बँकांच्या मॉडेल स्कीममध्ये तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्सा, ज्याला ते मार्जिन म्हणतात, तो पण लागत नाही. लोन नुसतं फीसाठी असतं असा समज आहे, तसं नाही, राहणं, पुस्तकं, लॅपटॉप हे पण त्यात येतं, फक्त कॉलेजकडून खर्चाचं पत्र घ्यावं लागतं. दरवर्षी लाख उचललेस आणि काहीच भरलं नाहीस तर हप्ता सुरू होताना तीन लाख नव्वद हजार होतील आणि दहा वर्षांचा हप्ता पडेल सव्वापाच हजाराच्या आत. पण शिकता शिकता नुसतं व्याज भरत गेलीस तर पहिल्या वर्षी महिना ८३३, दुसऱ्या वर्षी १६६७, तिसऱ्या आणि त्याच्या पुढच्या वर्षी अडीच हजार, आणि मग शेवटी तीनच लाख उरतात, हप्ता चार हजाराच्या खाली. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात थोडी सूटही देतात, विचार. चार हजाराचा हप्ता ज्युनियर वकील कसाबसा भरू शकते. २५ हजाराचा नाही भरू शकत, सिनियर कितीही देवमाणूस असला तरी.

व्याज पण वाचवता येतं बरं का. साडेचार लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना व्यावसायिक कोर्ससाठी शिकण्याच्या काळातलं आणि वरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, कॉलेजला मान्यतेच्या अटी आहेत, बँकेत अर्ज करतानाच सांगायचं की मला सबसिडीत धरा, नंतर सांगून होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी आली, त्यात तारण नाही, जामीनदार नाही, आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखापर्यंतच्या लोनवर तीन टक्के व्याज सवलत, पण ती फक्त त्यांच्या यादीतल्या वरच्या रँकिंगच्या संस्थांना आहे, तुझं कॉलेज त्यात आहे का हे पोर्टलवर बघ, नसेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. आणि आपल्या राज्यात ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, देशात शिकायला दहा लाखापर्यंत. बँकेच्या मॅनेजरला ही माहीत नसते, महामंडळाचं जिल्हा ऑफिस सोलापूरलाच आहे, तिथे स्वतः जा. एकाच व्याजाचे दोन ठिकाणाहून पैसे मिळणार नाहीत हे उघड आहे, तुला जे जास्त सोयीचं ते घे. सरकारी होस्टेल मिळालं नाही तर ओबीसी मुलांसाठी सावित्रीबाई फुलेंच्या नावाने आधार योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात, मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारापर्यंत, सोलापूर-लातूरसारख्या ठिकाणी त्याहून कमी. ती मिळाली तर लोन अर्ध्यावर येईल. पण पहिला हप्ता सप्टेंबरात येईल की फेब्रुवारीत याची गॅरंटी मी देत नाही, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे पैसे हातात ठेवूनच घर सोड.

इन्कम टॅक्सच्या ८०ई कलमाची सूट मिळते असं तुला चार लोक सांगतील. मिळते, एज्युकेशन लोनच्या व्याजावर आठ वर्षं मिळते, जुन्या टॅक्स पद्धतीत. पण टॅक्स भरण्याइतकी कमाई ज्युनियर वकिलाची होईपर्यंत त्यातली निम्मी वर्षं संपलेली असतात, त्यामुळे या सुटीकडे बघून लोन वाढवू नकोस. आणि बाबांच्या पीककर्जाचं बघ. ते थकलेलं असेल तर एज्युकेशन लोनच्या वेळी सहकर्जदार म्हणून बाबांचा सिबिल निघतो आणि तिथे गाडी अडते. नवं-जुनं करून घ्या, आणि मग अर्ज करा.

काम करून शिकता येईल का हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मनात असेलच, बीकॉम झालेल्या मुलीच्या असतोच. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते, कॉलेजात लेक्चर मोजकी होतात हा भाग वेगळा, पण हजेरीवर विसंबून फुलटाइम नोकरी घेऊ नकोस, फॉर्म अडवतात. सकाळचं कॉलेज असेल तर दुपारी एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडे बस, तुझ्या बीकॉमला तिथे किंमत आहे, जीएसटीची रिटर्न भरायला त्यांना माणसं लागतातच, आणि पुढे वकील झालीस की हेच काम तुझं पोट भरेल. मी स्वतः झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात दोन वर्षं काढली, कोर्टासमोरच्या. मराठी टायपिंग तिथे शिकले, अर्ज कसे लिहितात ते तिथे शिकले, आणि कुठला वकील टायपिंगचे पैसे बुडवतो हेही तिथेच कळलं, त्यामुळे सिनियर निवडताना चूक झाली नाही. (पंधराशे द्यायचे पण वेळेवर द्यायचे.)

फक्त एक लक्षात ठेव, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना घेतल्यावर पगारी पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, नोकरी धरली तर सनद सस्पेंड करून ठेवावी लागते आणि मग तुझी तीन वर्षांची प्रॅक्टिस मोजायची थांबते. लॉ शिकवायचं काम मात्र दिवसाला तीन तासांपर्यंत चालतं. बाबासाहेबांचंच बघ ना, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धं टाकून १९१७ ला परत यावं लागलं, मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले आणि १९२० ला परत गेले. बॅरिस्टर होऊन आल्यावरही लगेच पक्षकारांची रांग लागली नव्हती, बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये मर्कंटाइल लॉ शिकवायला जायचे. बॅरिस्टरांना पार्टटाइम शिकवावं लागलं तर आपण कोण.

छोट्या खर्चांचं सांगायचं राहिलं. जुनी पुस्तकं घेतेस तर बघून घे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्ट गेले, त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आलेत, त्यामुळे सिनियर मुलं अर्ध्या किमतीत क्रिमिनलचे गठ्ठे गळ्यात मारतील, घेऊ नकोस. कॉन्ट्रॅक्ट, ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी, हिंदू लॉ, सीपीसी जुनी चालतील. सनदेला पूर्वी पंधरा-पंधरा हजार जायचे, सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत, एससी-एसटीला १२५. माझ्या वेळी हे झालं असतं तर आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या नसत्या. पुढे ऑल इंडिया बारची परीक्षा असते, तिची फी वेगळी, साडेतीन हजार धरून ठेव.

आता त्या रोज फोन करणाऱ्यांचं. ती मुलगी किंवा मुलगा जो फोन करतो त्याला टार्गेट असतं, त्याच्यावर चिडू नकोस, फक्त सांग की कॅपच्या राऊंड झाल्यावर कळवते. "मग सीट जाईल" म्हणेल. जाऊ दे. आणि काहीही झालं तरी ओरिजिनल टीसी, मार्कशीट कुणाकडे देऊन बसू नकोस, ओरिजिनल कागद अडकवून ठेवायचे नाहीत असं यूजीसीनेच सांगितलंय तरी ठेवतात. माझं त्या विद्यापीठाशी वाकडं नाही, कॉर्पोरेटमध्ये जायचं असतं, घरी पैसा असता, तर कदाचित मीच म्हणाले असते जा, लायब्ररी चांगली असते, मूट कोर्टला, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धांना बाहेर पाठवतात, ओळखी होतात. पण तुला जायचंय बार्शीच्या कोर्टात उभं राहायला आणि तीन वर्षांनी खुर्चीवर बसायला. त्यासाठी १५ लाख नाही लागत.

जज झालेच नाही तर काय, हे पण स्वतःला एकदा विचार. हजारो मुलं बसतात, जागा शे-दोनशे निघतात. मी दोनदा बसले होते, एकदा मुलाखतीपर्यंत गेले. तेव्हा माझ्यावर कर्ज होतं ते फक्त बहिणीचं, अकरा हजार, तिने कधी मागितलं नाही. म्हणून नापास झाल्यावर मी दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन बसू शकले. ज्याच्यावर हप्ता असतो तो दुसऱ्या दिवशी मिळेल ती नोकरी धरतो आणि वकिली सुटते, माझ्या बॅचचे तिघं तसेच गेले, आज एकजण सोलापुरात गाड्यांच्या शोरूममध्ये आहे, हुशार होता माझ्यापेक्षा.

तर सोमवारी सेतूत जा, नॉन-क्रिमिलेअर टाक, उत्पन्नाचा दाखला नवीन काढ. कॅपचं रजिस्ट्रेशन सुरू झालं असेल तर त्याच दिवशी कर, शेवटच्या दिवशी साइट चालत नाही. बाबांना माझं हे वाचून दाखव, आईलाही. आणि समजा विसार आधीच घेतला असेल, म्हणजे पत्र आणि माझं उत्तर यात आठ दिवस गेलेत, तर घाबरू नका, विसार पावतीचा फोटो काढून पाठव, व्यवहार मोडला तर किती परत द्यायचे ते त्यात काय लिहिलंय ते बघून सांगते.